गुपिताचा डांगोरा

मुंबईहून भुसावळकडे जाणारी आगगाडी मनमाड जंक्शन सोडून पुढें निघाली, म्हणजे सोळा-सतरा मैलांच्या अंतरानें नांदगांवचें स्टेशन लागतें. मुंबईपासून हें ठिकाण सुमारें १७८ मैल, म्हणजे आजच्या मापानें २८५ किलोमीटरांच्या आसपास आहे. नाशिक जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग तयार होईपर्यंत वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी येथेंच उतरत आणि पुढची वाट टांग्यानें किंवा बैलगाडीनें काढीत. नवा मार्ग झाल्यावर तो ओघ मनमाडकडे वळला, आणि नांदगांव हें एका मोठ्या लोहमार्गावरील मध्यम प्रतीचें स्टेशन होऊन राहिलें.

अशा गांवाचें उदाहरण येथें घेण्यास कारण आहे. मराठी पुस्तकें छापलीं जातात तीं मुख्यतः मुंबई-पुण्यास. परंतु त्यांना दीर्घ आयुष्य लाभतें तें पुष्कळदां तालुक्याच्या गांवीं. गिरगांवांतील एखाद्या प्रकाशकानें नवी रहस्यकादंबरी बाजारांत आणली, तर नांदगांवच्या वाचकास तिची वार्ता कोणीं द्यावी, आणि काय सांगून द्यावी? इतर पुस्तकांच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. रहस्यकथेच्या बाबतींत तें फार अवघड होऊन बसतें, आणि त्या अवघडपणाची किंमत बहुधा लेखकासच मोजावी लागते.

आपल्याकडील कथाकथनाची जुनी रीत पाहावी. कीर्तनकार उत्तररंगास सीतास्वयंवराचें आख्यान लावतो. समोर बसलेल्या आयाबायांनाहि तें तोंडपाठ असतें. धनुष्य कोण मोडणार याविषयीं कोणाच्याहि मनांत शंका नसते. तरी सारा गांव मध्यरात्रीपर्यंत देवळांत बसतो. कारण पुढें काय झालें हें त्याला ऐकावयाचें नसतें, बुवा तें कसें रंगवितात हें ऐकावयाचें असतें. ऐतिहासिक कादंबरीचेंहि तसेंच. शिवाजीमहाराज आग्र्याच्या कैदेंतून निसटले हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. ती हकीकत जाहिरातींत सांगितल्यानें पुस्तकाचें एकहि गिऱ्हाईक कमी होत नाहीं. सामाजिक कादंबरीचा प्रकाशक नायिकेचें दुःख दोन ओळींत सांगून वाचकाची सहानुभूति आगाऊच मिळवूं शकतो. रहस्यकथाकाराजवळ विकावयास असतें तें एक गुपित. तें सांगितलें तर माल संपला. न सांगावें तर गिऱ्हाइकानें काय पाहून यावें? शिवाय हें गुपित एका माणसास एकदांच विकतां येतें. ज्यानें पुस्तक वाचलें तो तें पुन्हां विकत घेण्याची शक्यता थोडी, आणि त्यानें खुन्याचें नांव शेजाऱ्यास सांगून टाकलें, तर शेजारीहि हातचा गेला.

या पेंचांतून सुटण्याचा सर्वांत धाडसाचा, आणि सर्वांत महागांत पडलेला, प्रयत्न लंडनमध्यें १९०५ सालीं झाला. त्याची हकीकत थोड्या विस्तारानें सांगण्याजोगी आहे. कारण ज्या एडगर वॉलेसनें तो केला, त्याच्या कथांनीं पुढें आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांसहि वेड लावलें, आणि मराठी रहस्यकथेच्या घडणींत त्या वाचनाचा वांटा आहे.

वॉलेस हा त्या वेळीं तिशीचा बातमीदार होता. बोअर युद्धाच्या बातम्या पाठवून त्यानें नांव मिळविलें होतें आणि ‘डेली मेल’ या पत्रांत तो नोकरीस होता. पैसा त्याच्या खिशांत टिकत नसे. ‘द फोर जस्ट मेन’ ही आपली कादंबरी त्यानें टॅलिस प्रेस या नांवाची संस्था काढून स्वतःच प्रसिद्ध करण्याचें ठरविलें. कथेंत चार गूढ पुरुष ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यास धमकी देतात कीं, अमुक कायद्याचा मसुदा मागें घे, नाहीं तर ठरल्या घटकेस मरण पावशील. पोलिसांच्या कडेकोट पहाऱ्यांत, बंद खोलींत, त्या घटकेस मंत्री मरून पडतो. तो कसा मेला? वॉलेसनें पहिल्या आवृत्तींत याचें उत्तर छापलेंच नाहीं. त्याऐवजीं पुस्तकास एक कागद जोडला, आणि त्यावर उत्तर लिहून पाठविणारांसाठीं बक्षिसें जाहीर केलीं: पहिलें २५० पौंडांचें, दुसरें २०० पौंडांचें, तिसरें ५० पौंडांचें. एकूण ५०० पौंड. त्या काळीं पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. तेव्हां ही रक्कम साडेसात हजार रुपयांची झाली.

कल्पना म्हणून ही उत्तम होती. गुपित न फोडतां त्या गुपिताचाच डांगोरा पिटावयाचा, आणि तो ऐकून येणाऱ्या प्रत्येकास कोडें सोडविण्यासाठीं स्वतःची प्रत विकत घेणें भाग पाडावयाचें, कारण मागून आणलेल्या पुस्तकांतील कागद मालकानें आधींच फाडून घेतलेला असावयाचा. जाहिरातीसाठीं वॉलेसनें पत्राचा मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ याच्याकडे एक हजार पौंड कर्जाऊ मागितले. ते मिळाले नाहींत. तरी तो थांबला नाहीं. बसगाड्यांवर, रस्त्यांतील फलकांवर, हस्तपत्रकांवर त्याच्या कादंबरीचें नांव झळकूं लागलें. पुस्तकाचा बोलबाला झाला, खपहि झाला.

चूक झाली ती स्पर्धेचे नियम लिहितांना. प्रत्येक बक्षीस एकाच विजेत्यास मिळेल, किंवा अनेक विजेते निघाल्यास रक्कम त्यांच्यांत वांटली जाईल, असें एक वाक्य नियमांत असावयास पाहिजे होतें. तें राहून गेलें. म्हणजे पहिल्या बक्षिसास सहा जण पात्र ठरले तर प्रत्येकास २५० प्रमाणें पंधराशें पौंड देणें कायद्यानें प्राप्त होतें. आणि बरोबर उत्तरें येतच राहिलीं. ज्याचा सारा धंदा बारीकसारीक पुराव्यांवर चालतो अशा लेखकाच्या नजरेंतून हें एक वाक्य निसटावें, ही गोष्ट वाचणारास विनोदी वाटते. वॉलेसला ती तशी वाटली नसावी. १९०६ च्या जानेवारीपर्यंत सुमारें ३८,००० प्रती खपल्या होत्या आणि तरीहि हिशेबांत १,४०० पौंडांचा खड्डा होता. विजेत्यांची यादी प्रसिद्ध होईना, तेव्हां लोक बक्षिसांच्या खरेपणाविषयींच शंका घेऊं लागले. आपल्या पत्राची अब्रू जाईल या भीतीनें शेवटीं हार्म्सवर्थनेंच पैसे पुढें केले; ती रक्कम पांच हजार पौंडांहून अधिक भरली असें चरित्रकार सांगतात. जाहिरातीसाठीं जे हजार पौंड त्यानें नाकारले होते, त्यांच्या पांचपट रक्कम जाहिरातीचें परिणाम निस्तरण्यास गेली. वॉलेसनें पुढें या पुस्तकाचे हक्क किरकोळ रकमेस विकून टाकले. कादंबरी मात्र त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ छापली जात आहे.

या प्रकरणांत वॉलेसचें साहित्य हरलें नव्हतें, त्याचा हिशेब हरला होता. पण त्यांतून एक गोष्ट उघड झाली. एकेका पुस्तकाचें गुपित एकेकदां गाजविणें हा फार खर्चाचा मार्ग आहे. दर पुस्तकास तो परवडत नाहीं. १९२१ च्या सुमारास हॉडर अँड स्टॉटन या प्रकाशनसंस्थेनें वॉलेसला हातीं धरलें, तेव्हां तिनें निराळी वाट काढली. पुस्तकाऐवजीं लेखकाचेंच नांव मालाच्या छापासारखें वापरावयाचें, वेष्टनावर एक ठराविक लाल वर्तुळ छापावयाचें, आणि वाचकाच्या मनावर इतकेंच बिंबवावयाचें कीं, हें नांव दिसलें म्हणजे रात्रीची झोप गेली. कथेविषयीं एक अक्षरहि सांगण्याची गरज उरली नाहीं. साबणाच्या वडीवर साबणाची कृति कोठें लिहिलेली असते?

या मार्गांतहि एक खोंच आहे, आणि ती वॉलेसच्या आधीं आर्थर कॉनन डॉइल यानें अनुभविली होती. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी त्यानें सर्व हक्कांसह २५ पौंडांस विकली. ती १८८७ सालीं एका नाताळ-अंकांत आली. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकांत होम्सच्या कथा येऊं लागल्या, आणि मग नांव गाजलें तें होम्सचें. डॉइलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या वाटत. कंटाळून त्यानें १८९३ च्या डिसेंबरांत नायकास दरींत लोटून मारलें, तर हजारों वाचकांनीं मासिकाची वर्गणी बंद केली. काल्पनिक माणसासाठीं खऱ्या माणसावर लोक रागावले. दहा वर्षांच्या आंत त्याला मेलेला नायक परत आणावा लागला. जाहिरात नायकाची झाली म्हणजे लेखक त्याचा कारकून होतो.

अगाथा ख्रिस्तीबाईंचा अनुभव तर याहून कडू आहे. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही त्यांची अत्यंत गाजलेली कादंबरी १९२६ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं त्यांची आई वारली, पतीनें घटस्फोट मागितला, आणि ३ डिसेंबरच्या रात्रीं त्या घरांतून नाहींशा झाल्या. अकरा दिवसांनीं हॅरोगेट येथील एका हॉटेलांत त्या सांपडल्या. त्या दिवसांत पोलीस व स्वयंसेवक शेतें-तळीं धुंडीत होते, आणि वर्तमानपत्रांत अशीहि कुजबूज चालली होती कीं हा सारा बनाव नव्या पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठीं आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईचें दुःख लोकांना रहस्यकथेची जाहिरात वाटलें. पुढें साऱ्या आयुष्यांत त्यांनीं मुलाखतींचा तिटकारा केला, यांत नवल नाहीं.

वॉलेसचाच प्रयोग नेमस्तपणें केला तर तो साधतो, हें नभोवाणीनें दाखवून दिलें. १९३० सालीं ‘बीबीसी’वरून ‘बिहाइंड द स्क्रीन’ ही रहस्यकथा क्रमशः वाचली गेली. ख्रिस्तीबाई, डोरोथी सेयर्स, ह्यू वॉलपोल इत्यादि सहा लेखकांनीं ती एकेक प्रकरण लिहून पुरी केली, आणि संस्थेच्या ‘लिसनर’ या पत्रांतून श्रोत्यांना प्रश्न घालून उत्तरें मागविलीं. लेखकांवर खर्चाचा बोजा नव्हता, घोड्यावर पैजाहि लागल्या नव्हत्या. आठवडाभर घरोघर तर्क मात्र चालले.

मराठी रहस्यकथाकाराच्या वाट्यास वॉलेसचे पौंड आले नाहींत आणि हार्म्सवर्थहि आला नाहीं. त्याला वाट काढावी लागली ती आगगाडी, टपाल आणि वाचनालय या तीन साधनांतून. आणि तिन्ही नांदगांवापर्यंत पोंचणारीं होतीं.

त्यांतलें टपाल हें सर्वांत जुनें. हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ १८९० सालीं निघालें, काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मनोरंजन’ १८९५ सालीं. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचें प्रकरण ऐन अडचणीच्या जागीं तोडलें म्हणजे पुढील अंकाची जाहिरात आपोआप होते, हें मराठी वाचकास या पत्रांनीं शिकविलें. त्याच सुमारास गोविंद नारायण दातारशास्त्री, आणि पुढें नाथमाधव, यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीं भुयारें, गुप्त दरवाजे व वेषांतरें यांची गोडी लाविली. रहस्यकथेचें गिऱ्हाईक रहस्यकथेच्या आधीं तयार झालें तें असें. हिंदुस्थानच्या टपालखात्यानें १८७७ सालीं सुरू केलेली व्ही. पी. ची पद्धति या धंद्यास फार सोयीची पडली. साप्ताहिकांतील जाहिरात वाचून नांदगांवच्या शिक्षकानें एक कार्ड लिहावयाचें; चारदोन दिवसांनीं पोस्टमननें पुडकें आणावयाचें; पैसे मोजल्यावर तें हातीं पडावयाचें, आणि ते पैसे मनिऑर्डरीनें प्रकाशकाकडे जावयाचे. विश्वासाचा प्रश्नच नको. मात्र कार्ड लिहिण्याचा उत्साह पुडकें येईपर्यंत टिकतोच असें नाहीं. पुडकें नाकारलें गेलें तर जाण्यायेण्याचा टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर, आणि धक्के खाऊन आलेली प्रत पुन्हां नवी म्हणून विकतां येत नाहीं. म्हणून व्ही. पी. साठीं जाहिरात लिहिणारा फार बढाई मारीत नसे. वाचकास कार्डापुरता भुलवावा, पण पुडकें उघडल्यावर तो फसला असें त्यास वाटूं नये, इतका तोल त्याला सांभाळावा लागे. हा तोल ज्यांना साधला त्यांचीं पुस्तकें गांवोगांव गेलीं.

आगगाडीचें काम याहून घाईचें. रेल्वे स्टेशनांवर पुस्तकें विकणारी ए. एच. व्हीलर ही कंपनी १८७७ सालीं अलाहाबाद येथें स्थापन झाली. तिनेंच १८८८ सालीं एक रुपया किंमतीची ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ ही माला काढली; रुडयार्ड किपलिंगचीं आरंभींचीं पुस्तकें या मालेंतून फलाटावर विकलीं गेलीं, आणि तेथून त्याचें नांव विलायतेस पोंचलें. फलाटावरील पुस्तकास परीक्षण नाहीं, प्रस्तावना नाहीं. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत प्रवाशानें चहा घ्यावयाचा, सुटे पैसे मोजावयाचे आणि पुस्तकहि निवडावयाचें. तेव्हां बोलतें तें मुखपृष्ठ. बुरखा घातलेला पुरुष, पिस्तूल, घाबरलेली तरुणी, अंधारांतील जिना: या चित्रांना अभिरुचीचे लोक नांवें ठेवीत आले आहेत, आणि पुष्कळ चित्रें खरोखरच ओबडधोबड असत. पण त्या चित्रकाराची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. त्याला कथेंतील एकहि महत्त्वाची गोष्ट दाखविण्याची मुभा नसते. म्हणून तो भीति तेवढी दाखवितो. मनमाडसारख्या जंक्शनावर गाडी जरा अधिक रेंगाळते. तेथें घेतलेलें पुस्तक नांदगांवीं उतरणाराच्या पिशवींतून त्याच्या घरीं जाई, आणि मग आळींत फिरे.

या साऱ्या साधनांचा सर्वांत मोठा उपयोग ज्यांनीं करून घेतला ते बाबूराव अर्णाळकर. त्यांचें मूळ नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईंत त्यांचें चष्म्यांचें दुकान होतें. दिवसा लोकांना स्पष्ट दिसावें म्हणून भिंगें द्यावयाचीं आणि लिहावयास बसलें म्हणजे त्याच लोकांच्या डोळ्यांपुढें धुकें पसरावयाचें, असा हा दुहेरी व्यवसाय. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हीं त्यांचीं पात्रें घरोघर झालीं. गिनीज बुकांत त्यांची जी नोंद आली, तींत १९३६ ते १९८४ या काळांत त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्याचें म्हटलें आहे. अठ्ठेचाळीस वर्षांत इतकीं पुस्तकें म्हणजे वर्षास सरासरी बावीस-तेवीस. महिन्यास दोनांस थोडीं कमी.

हा आंकडा विक्रम म्हणून सांगितला जातो. पण पुस्तकाच्या प्रसिद्धीच्या दृष्टीनें तो निराळेंच कांहीं सांगतो. जो लेखक वर्षांतून एक कादंबरी लिहितो, त्याला त्या कादंबरीसाठीं सभा, परीक्षणें, जाहिराती यांचा खटाटोप करतां येतो. जो पंधरवड्यास एक लिहितो, त्याच्या बाबतींत असा प्रश्नच उद्भवत नाहीं. आज निघालेल्या पुस्तकाविषयीं बोलावयास तोंड उघडावें तों पुढचें पुस्तक बाजारांत आलेलें असावयाचें. येथें प्रत्येक पुस्तक हीच पुढच्या पुस्तकाची जाहिरात असते. पुस्तक लहान, किंमत बेताची, मुखपृष्ठावर कथेच्या नांवाइतक्याच ठसठशीतपणें ‘झुंजार’ किंवा ‘काळापहाड’. गुपित दर खेपेस नवें, पण गुपित उलगडणारा ओळखीचा. वाचक दुकानदारास अमुक कथा द्या असें न म्हणतां नवा झुंजार आला का असें विचारूं लागला, कीं जाहिरातीचें काम संपलें. वॉलेसचें लाल वर्तुळ आणि डॉइलचा होम्स या दोन्ही युक्त्या येथें एकत्र आल्या, आणि त्यासाठीं एक दमडीहि निराळी खर्ची पडली नाहीं.

खर्ची पडला तो लेखक. दर महिन्याचा रतीब चुकला तर वाचक दुसऱ्या दुकानाकडे वळणार, या धाकांत लिहिणें थांबवितां येत नाहीं, आणि एखाद्या कथेवर सहा महिने घालवितां येत नाहींत. अर्णाळकरांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईक यांच्या नांवावरहि बाराशेंहून अधिक पुस्तकें आहेत. या संख्यांमागें हौस आहे तसा हाहि धाक आहे. साहित्याचे टीकाकार या पुस्तकांकडे ढुंकून पाहात नसत. हें साहित्य घाईनें लिहिलेलें आहे असा त्यांचा आक्षेप असे, व तो बहुतांशीं खरा होता. पण घाई कोठून आली याची चौकशी करावी असें त्यांपैकीं फारच थोड्यांना वाटलें.

आतां तिसरें साधन, वाचनालय. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. १९३९ सालीं मुंबई सरकारनें आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें जिल्हा-तालुक्यापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचविली, आणि १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. या सार्वजनिक संस्थांच्या जोडीला शहरांत व तालुक्याच्या गांवीं खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या चालत. थोडी अनामत ठेवावी, महिन्याची वर्गणी किंवा दिवसाचें भाडें द्यावें, आणि पुस्तक घरीं न्यावें. रहस्यकथा ही या लायब्रऱ्यांची चलती नाणी होती. ती एका बैठकींत वाचून होते, दुसऱ्या दिवशीं परत येते, आणि तिसऱ्या दिवशीं तिचें भाडें पुन्हां सुरू होतें. जाडजूड सामाजिक कादंबरी वाचकाच्या उशाशीं पंधरा दिवस पडून राहते, त्यांत लायब्ररीवाल्याचा काय लाभ?

लाभाचा हिशेब येथेंच नीट तपासावा लागतो. एक प्रत शंभर घरें हिंडली. शंभर वाचकांनीं भाडें दिलें. तें लायब्ररीवाल्यास मिळालें. प्रकाशकास एका प्रतीची किंमत मिळाली, तीहि कमिशन वजा जाऊन. लेखकानें कथा ठोक रकमेस विकली असली, आणि या धंद्यांत ती रीत फार रूढ होती, तर त्याला या शंभर वाचकांपासून कांहींच मिळालें नाहीं. शंभरांनीं वाचलें काय कीं दहांनीं वाचलें काय. बरें, गुपित एकदांच विकतां येतें, हें आरंभीं सांगितलेंच आहे. कवितेचें पुस्तक वाचनालयांत आवडलें तर एखादा रसिक तें विकत आणून संग्रहीं ठेवतो. रहस्यकथा आवडली तर तो लेखकाची दुसरी कथा मागतो, आणि तीहि वाचनालयांतूनच. म्हणजे ज्या संस्थेनें रहस्यकथाकाराचें नांव नांदगांवांत सर्वांच्या तोंडीं केलें, तिनेंच त्याचे विकत घेणारे वाचक कमी केले. ब्रिटनमध्यें या अन्यायाचा विचार होऊन १९७९ सालीं कायदा झाला, आणि १९८४ पासून ग्रंथालयांतून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांबद्दल लेखकांना सरकारी निधींतून दर खेपेमागें अल्प मोबदला मिळूं लागला. अर्णाळकरांची गिनीजांतील नोंद संपते तें वर्ष हेंच. भारतांत तसा कायदा झालेला नाहीं.

इतकें असूनहि वाचनालयाइतका प्रामाणिक प्रचारक रहस्यकथेला दुसरा लाभला नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. तालुक्याच्या गांवीं पुस्तक परत करणारा आणि नेणारा यांची टेबलापाशीं गांठ पडते. “कसें काय आहे?” एवढा एकच प्रश्न विचारला जातो. उत्तर देणाराची येथें खरी परीक्षा असते. त्याला सारें ठाऊक आहे. सांगण्याची ऊर्मीहि अनावर असते. आणि सांगितलें तर समोरच्याची रात्र फुकट जाणार हेंहि त्याला कळतें. चांगला वाचक फक्त “न्या” म्हणतो. लंडनमध्यें १९५२ पासून चालत आलेल्या ख्रिस्तीबाईंच्या ‘माउसट्रॅप’ या नाटकाच्या शेवटीं प्रेक्षकांना विनंति करण्यांत येते कीं, गुन्हेगाराचें नांव बाहेर फोडूं नये. मराठी वाचनालयांत ही शपथ कोणीं न घालतां पाळली जात असे.

सर्वच पाळीत असें मात्र नाहीं. खट्याळ वाचक पंधराव्या पानाच्या समासांत पेन्सिलीनें खुन्याचें नांव लिहून ठेवी, आणि त्याच्यावर ताण करणारा दुसरा कोणी मुद्दाम खोटें नांव लिही. अशा प्रतींत लेखकानें न योजलेलें एक अधिक रहस्य तयार होई: समासांतला साक्षीदार खरा कीं खोटा?

अर्णाळकर १९९६ सालीं निवर्तले. त्यांच्या पुस्तकांचा कागद हलका होता आणि वाचणारे हात पुष्कळ होते. वाचनालयांत पुस्तकाचा कणा सुटला म्हणजे ग्रंथपाल तें बांधणीला टाकी. बांधणारा फाटकें मुखपृष्ठ काढून टाकी. त्याबरोबर बुरखेवाला, पिस्तूल, अंधारांतील जिना, सारी जाहिरात जाई. वर जाड पुठ्ठा व कापडी पट्टी चढे, आणि पाठीवर ग्रंथपाल शाईनें कथेचें नांव, लेखकाचें नांव व दाखलअंक लिही. त्या पुठ्ठ्यांतून आंत काय आहे याचा कांहींहि अंदाज येत नसे. प्रत कपाटांत परत ठेवण्याचा प्रसंग तरीहि क्वचितच येई. ती टेबलावरूनच पुढच्या घरीं जाई.